सीटखालची धग

मोटारसायकलच्या चार-स्ट्रोक इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण पाव हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो आणि उरलेला पाऊण हिस्सा उष्णतेच्या रूपाने वाया जातो. त्यातील बराच भाग सायलेन्सरवाटे निघून जातो. परंतु सिलिंडरच्या भिंतींतून आणि बेंड पाइपातून, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या वाकड्या नळीतून, बाहेर पडणारा भाग टाकी व सीट यांच्या खाली कोंडतो आणि चालकाच्या मांड्यांना चटका देतो. वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनात ही उष्णता वाहून नेण्यासाठी सिलिंडरभोवती ॲल्युमिनियमच्या पात्या असतात; गॅरेजमध्ये त्यांना फिन म्हणतात, आणि गाडी धावत असेल तरच त्यांचे काम नीट चालते.

पाटस येथे नेमके हेच गृहीतक मोडते. पुणे-सोलापूर महामार्गावर भरधाव आलेल्या मोटारसायकलीला गळीत हंगामात मधुकरनगरच्या भीमा सहकारी साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडावे लागते, तेव्हा इंजिन फिरत राहते पण वारा थांबतो. त्यात मुठा उजव्या कालव्यावर भिजणाऱ्या उसाच्या शिवारातून येणाऱ्या गाड्यांच्या फिनांमध्ये काळ्या मातीचा चिखल भरून वाळतो आणि वाऱ्याची उरलीसुरली वाटही बुजते. अशी गाडी स्टँडवर लागताच भाजक्या मातीचा वास सुटतो; जाणता मेस्त्री हत्यार हाती घेण्यापूर्वी निदान करतो ते या वासावरूनच.

ऑइलची पातळी, प्लगचा रंग आणि व्हॉल्व्हची फट तपासणे हे नेहमीचेच काम. खरा वेळ जातो तो थंड इंजिनाच्या फिनांमधील माती रॉकेल व ब्रशने खरवडण्यात. तापल्या इंजिनावर बादलीभर पाणी ओतण्याची अनेकांची सवय मात्र घातक आहे, कारण धातू एकाच वेळी सगळीकडे सारखा आकसत नाही आणि त्याला तडा जाऊ शकतो.

त्यानंतर येतो पत्रा, म्हणजे धग अडवण्यासाठी पाइप आणि सीट यांच्या मध्ये बसवायचा ॲल्युमिनियमचा आडोसा. चकचकीत ॲल्युमिनियम आपल्यावर पडणाऱ्या उष्ण किरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक परतवते. पण तोच पत्रा पाइपाला किंवा सीटच्या तळाला टेकला, तर उष्णता अडवण्याऐवजी ती हवेपेक्षा हजारो पटींनी सहज पुढे पोचवतो. म्हणून अंतर हवे, निदान पाव इंच. या कामातील कौशल्य पत्रा कापण्यात नसून वॉशर घालून तो पाव इंच सर्व बाजूंनी राखण्यात आहे, कारण कच्च्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी बोल्ट एकदा ढिला झाला, की आधी जातो तो पाव इंचच. शिवाय सीटखाली बॅटरी असते, आणि गाडी बंद केल्यावर वारा नसल्याने तेथील तापमान काही काळ उलट वाढते. तेव्हा पत्रा चहूबाजूंनी बंदिस्त करणे म्हणजे धग आत कोंडणे होय.

या धगीतील काही भाग मुद्दाम राखलेला असतो, हे गिऱ्हाइकाला पटवणे सर्वांत कठीण. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांसाठी धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापणे आवश्यक ठरले. सुमारे 250 ते 300 अंश सेल्सिअसखाली तो फारसे काम करत नाही, आणि म्हणूनच अनेक गाड्यांत तो इंजिनाच्या अगदी जवळ बसवला जातो. तो काढून टाकणे हा उपाय नव्हे, ती कायद्यातून आणि शेजाऱ्याच्या फुफ्फुसांतून काढलेली पळवाट आहे.

बेंड पाइपाला काचतंतूची काळी पट्टी गुंडाळण्याची मागणी तरीही कमी होत नाही. पट्टीने मांड्यांचा चटका घटतो हे खरे, पण उसाच्या वाटेवरचा चिखल व पाणी ती शोषून धरते आणि तिच्याआड साधा लोखंडी पाइप लवकर गंजतो. असे असूनही पट्टी दिसते म्हणून तिचे पैसे बिनतक्रार मिळतात, तर फिन खरवडण्याच्या मजुरीवर घासाघीस होते.