लाल आकड्यांमागचा हिशेब

एसटीडी बूथमधले ते लाल आकडे आठवतात? अब्बा दुबईच्या चाचांशी बोलत आणि माझी नजर त्या पळत्या आकड्यांवर. हा हिशेब होतो कसा, हे अलीकडे पुतण्याने दाखवलं. तो लिनक्स सर्व्हरवर ‘एटूबिलिंग’ ही मुक्त प्रणाली बसवत होता.

कॉल जोडण्याचं काम ‘ॲस्टेरिस्क’चं, मार्क स्पेन्सर यांनी ते १९९९ मध्ये सुरू केलं. ते आधी बसवायचं. मग मायएसक्यूएलमध्ये कोरी वही तयार करायची, म्हणजे खातेदार, दर आणि कॉल यांचे तक्ते. शेवटी ॲस्टेरिस्कला सांगायचं : कॉल जोडण्याआधी वहीला विचार. वही शिल्लक पाहते, दर शोधते, किती मिनिटं परवडतील ते ठरवते. मूळचा पासवर्ड मात्र लगेच बदलावा. नाहीतर आपल्या खर्चाने भलताच बोलेल.

दर ठरतो सुरुवातीच्या आकड्यांवरून. ९७१ म्हणजे संयुक्त अरब अमिराती. ९७१५० म्हणजे तिथला मोबाइल. जुळणारा सर्वांत लांब आकडा खरा. पुतण्याने नुसता ९७१ भरला, तर मोबाइललाही घरच्या फोनचाच दर लागला! मोजणी साठ सेकंदांच्या टप्प्याने ठेवली, तर एकसष्टाव्या सेकंदाला दोन मिनिटांचे पैसे.

अब्बा कधी कधी रिसीव्हर धरून नुसते गप्प राहत. यंत्र त्या गप्प राहण्याचेही पैसे घेई. आजही घेतं. पण ही वही उघडी आहे. हिशेब कसा झाला, ते कुणालाही वाचता येतं. बूथवर अब्बांना ते कधीच जमलं नाही.