वालातली पाचर

ये, बस ओट्यावर. छाटणीची कात्री खाली ठेवू नकोस, तिचं आत्ता काम आहे.

आजी वाल भिजत घालते, मोड आणते, सोलते, मग शिजवते. "एवढा खटाटोप कशाला?" असं मघाशी विचारलंस ना? त्यासाठी कमलाबाईंची गोष्ट सांगावी लागेल.

कमला भागवत, लग्नानंतर सोहोनी. जन्म १९११, इंदूरचा. लेखिका दुर्गाबाई भागवत त्यांची थोरली बहीण. वडील आणि काका दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. घरचा तो वारसा चालवायचा म्हणून मुंबईची पदवी घेऊन १९३३ साली बाई तिथंच गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन. ते म्हणाले, मुलींना घेत नाही! नोबेल मिळालं म्हणजे सगळंच उमगतं असं नाही, बरं का. बाईंनी सत्याग्रह केला. मग वर्षभरासाठी, अटी घालून, घेतलं. वर्ष संपलं तेव्हा दार इतर मुलींनाही उघडलं होतं.

पुढं केंब्रिजला त्यांना बटाट्यात सायटोक्रोम-सी सापडलं. श्वासातला प्राणवायू वापरून पेशीत ऊर्जा तयार होते ना, त्या कामातलं हे प्रथिन. तुझ्यात आहे, त्या द्राक्षवेलीतही आहे. १९३९ साली डॉक्टरेट मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. मग बाई मायदेशी परतल्या, मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या आणि विद्यार्थ्यांना कामाला लावलं ते आपल्याच खाण्यावर: नीरा आणि कडधान्यं.

आता कात्री उघड. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एक विकर असतं, ते प्रथिनांचे अश्शेच तुकडे पाडतं. कात्रीच्या पात्यांत ही काडी धर. दाब. अडकली ना? कच्च्या वालात अशीच एक पाचर असते. ती ट्रिप्सिनमध्ये रुतून बसते आणि कात्री ठप्प! आपल्या भाज्यांत आणि कडधान्यांत ही पाचर कितपत आहे, ते बाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५०च्या दशकात तपासलं. मोड आणल्यानं ती थोडी ढिली होते, पण तिचा खरा काळ म्हणजे चूल. नीट शिजवलं की पाचरीचा आकारच मोडतो.

वालानं हा उद्योग तुझ्यासाठी मांडलेला नाही रे. दाणा म्हणजे त्याचं लेकरू. किडीनं ते खाल्लं तरी तिला पचू नये, ही तजवीज.

आणि आपला टोमॅटो? तो तर वस्ताद! अळीनं एक पान कुरतडलं की न कुरतडलेल्या पानांतही पाचरी तयार व्हायला लागतात. अमेरिकेतल्या क्लॅरन्स रायन यांच्या प्रयोगशाळेनं १९७२ साली हे दाखवलं. निरोप कोण धाडतं, ते शोधायला आणखी एकोणीस वर्षं गेली: अठरा अमिनो आम्लांची एक चिमुकली साखळी. पिंपळगावच्या बाजारात एवढे क्रेट उतरतात, पण झाडांतली ही टपाल व्यवस्था किती जणांना ठाऊक असेल?

कमलाबाई १९९८ साली गेल्या. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला होता.

चल, ऊठ. वालाचं फडकं सुकलंय, त्यावर पाणी शिंपड. आणि कात्री जागेवर ठेव, उद्या सकाळी छाटणीला लागेल.