सहीपलीकडची भेट

मसुरीच्या मॉल रोडवर केंब्रिज बुक डेपो नावाचं पुस्तकांचं दुकान आहे. लेखक रस्किन बाँड अनेक वर्षं शनिवारी दुपारी तिथे बसून वाचकांना सह्या देत, आणि बाहेर मुलांची नि त्यांच्याहून उत्साही आईबाबांची रांग लागे. अशा रांगेत मुलाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येतं. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पण मुलाच्या लेखी पुस्तक ही दुकानातून येणारी तयार वस्तू असते. पेनाचं टोपण काढून ‘नाव काय तुझं?’ विचारणारा माणूस समोर दिसला, की ते कुणीतरी बसून लिहिलंय हे त्याला पटतं. ‘द रूम ऑन द रूफ’ ही कादंबरी बाँड यांनी सतराव्या वर्षी लिहायला घेतली आणि १९५६ साली ती प्रसिद्ध झाली, हे कळलं तर अंतर आणखी कमी होतं.

लेखक तुसडा निघाला तर? निघू शकतो; चांगलं लिहिणं आणि गोड बोलणं या निराळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला लवकर कळलेलं बरं. भा. रा. भागवत २००१ साली गेले, तरी त्यांचा फास्टर फेणे वाचायचा कुणी थांबला नाही, म्हणजे भेट ही वाचनाची अट नव्हेच. मात्र पुस्तक न वाचताच मुलाला भेटीला नेलं, तर उरतो फक्त फोटो. आणि ‘सर, हा तुमचा मोठा फॅन आहे’ हे आईबाबांनी म्हणू नये. मुलाला विचारू द्यावं: तुमच्या गोष्टीतली ती निळी छत्री खरी होती का?