दोन अंकांची काटकसर

संगणकाच्या स्मृतीतील जागा जेव्हा फार महाग होती, तेव्हा पेढ्यांच्या व विमा कंपन्यांच्या हिशेबांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदवीत. १९६५ म्हणजे ६५. परंतु १९९५ साली दिलेल्या कर्जाची मुदत २००० साली मोजू गेल्यास ०० मधून ९५ वजा होऊन उत्तर उणे ९५ वर्षे येणार! मग व्याज कोणी कोणास द्यावे?

म्हणून १९९९ उजाडण्यापूर्वीच परीक्षा सुरू झाल्या. चालत्या यंत्राचे घड्याळ पुढे सारावे, तर खऱ्या नोंदीच खोट्या व्हायच्या. यास्तव निराळ्या यंत्रावर नोंदींची नक्कल घेत, त्याचे घड्याळ ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांवर लावीत आणि पुढे काय होते ते पाहात.

एवढ्याने भागत नसे. २८ फेब्रुवारी २००० नंतर २९ तारीख येते ना, हेही पाहावे लागे. शतकवर्षास ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष. १९०० नव्हते, २००० होते. गंमत अशी की, हा नियम ज्यास अर्धाच ठाऊक, त्याची आज्ञावली चुके. ज्यास मुळीच ठाऊक नाही, त्याची तरून जाई!

आता पाळी २०३८ ची. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या प्रणालींत २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जागाच नाही. भारतीय वेळेनुसार ती सीमा १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल.