पाण्याचा हातोडा

खोपोलीत घाटाच्या उतारावरून खाली आलेले जाडजूड पाइप आपण येता-जाता पाहतो. खालापूर तालुक्यातलं खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं आणि कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं १९२२ साली. धरणं वर घाटमाथ्यावर, पेल्टन चाकं खाली पायथ्याशी. मधली उंची सुमारे ५०० मीटर. म्हणजे पाणी नुसतं उभं असलं तरी पाइपच्या तळाशी ५० बार दाब!

आता समजा, पाणी सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहतंय आणि खालचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला, तर? व्हॉल्व्हजवळचं पाणी आधी थांबतं, मागचं त्याच्यावर आदळतं, आणि दाबाची लहर पाइपमधून वर पळते. होस्टेलचा नळ झटक्यात बंद केला की भिंतीत ‘ठक्’ होतं ना, तेच हे. याला वॉटर हॅमर म्हणतात.

रशियाच्या झुकोव्स्कीने १८९७-९८ मध्ये मॉस्कोत यावर प्रयोग केले. त्याचं सूत्र सोपं आहे: दाबवाढ = घनता × लहरीचा वेग × पाण्याच्या वेगातली घट.

खरी गंमत लहरीच्या वेगात आहे. पाइप अजिबात फुगत नाही असं मानलं, तर हा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर आणि दाबवाढ ४४ बार. पण पोलाद थोडं का होईना, फुगतंच. डच गणिती कोर्टेवेगने १८७८ मध्ये हे फुगणं गणितात घेतलं. त्याच्या सूत्रात व्यास जाडीच्या १०० पट असलेला पोलादी पाइप घातला, की वेग सुमारे १०२० मीटर येतो आणि दाबवाढ ३१ बार. बरं, भीतीपोटी पाइप जाड करावा तर तो कमी फुगतो, लहर जोरात धावते आणि दाबवाढही जास्त होते! पाणी पाइपला बदलतं, पाइप पाण्याला. म्हणून दोघांची समीकरणं एकत्रच सोडवावी लागतात.

यावर उपाय म्हणजे सावकाश बंद करणं. पाइप १ किलोमीटरचा असेल तर लहरीला वर जाऊन परत यायला सुमारे २ सेकंद लागतात. त्याहून बराच जास्त वेळ घेतला तर दाब आटोक्यात राहतो. पण लोड अचानक गेला तर थांबायला वेळ कुठाय? म्हणून पेल्टन चाकापाशी डिफ्लेक्टर असतो. तो पाण्याची धार क्षणात बाजूला वळवतो आणि नोझलची सुई मागाहून हळूहळू बंद होते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. जपानच्या ओइगावा वीजकेंद्रात १९५० साली व्हॉल्व्ह झटक्यात बंद झाला. पाइप खाली फाटला, आणि पाणी निघून गेल्यावर वरचा भाग आत चेपला गेला.

तेव्हा पेपरात ‘पाइप दृढ आहे असे मानू’ लिहिताना खोपोलीचे पाइप जरूर आठवा. ते गृहीत धरलं की दाबही चुकतो आणि वेळही!