घराण्यांचे लाकूडकाम (लेखांक 7) : पांगाऱ्याचे ऋण

या लेखांकात सावंतवाडीच्या चितारी घराण्यांच्या रंगकामाचे विवेचन अपेक्षित होते. तथापि ओतकामाचे लाकडी पॅटर्न घडविणाऱ्या निगडीच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न इतका मुळाशी जाणारा आहे, की रंगांना आठवडाभर थांबविणे योग्य ठरेल. सागासारखे भरवशाचे लाकूड असताना सावंतवाडीच्या कारागिरांनी फळे आणि खेळणी घडविण्यासाठी मऊ व लवकर किडणारा पांगारा का निवडला, असा तो प्रश्न आहे.

पॅटर्नचे माप ढळता कामा नये, म्हणून तेथे साग हवा; लाकडी आंब्याला मात्र मापापेक्षा गोलाई महत्त्वाची असते. सागाचे वजन दर घनमीटरला साधारण 650 किलो भरते, तर पांगाऱ्याचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय त्याचे रेषे जोरकस नसल्याने पटाशी आणि कानस कोणत्याही दिशेने चालते, आणि म्हणूनच जड यंत्रांवाचून, घराच्या पडवीत बसून हे काम होऊ शकते. पांगाऱ्याची जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडाशी जमिनीत रोवली की ती रुजते. त्यामुळे कोकणात त्याचे जिवंत कुंपण होते आणि मिरवेलीलाही त्याचाच आधार दिला जातो. म्हणजेच कारागिराचा कच्चा माल जंगलात नव्हे, वाडीच्या हद्दीवर वाढत होता.

विशेष असे, की पांगाऱ्याच्याच प्रजातीतील (एरिथ्रिना) झाडे मेक्सिकोतही आहेत. तेथे सोम्पान्त्ले नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या लाकडातून नृत्याचे मुखवटे कोरले जातात. याउलट मेक्सिकोतच ओआहाकाची, लाकडी प्राणी कोरून रंगविणारी मागील लेखांकातील कुटुंबे रानातल्या कोपल वृक्षावर विसंबून होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत प्राण्यांना परदेशी गिऱ्हाईक वाढले, तसे गावांजवळचे कोपल विरळ झाले आणि लाकूड दुरून विकत आणावे लागले. पुढे सान मार्तिन तिल्काखेते येथील जाकोबो आणि मारिया आन्खेलेस यांच्या कार्यशाळेने कोपलची लागवड हाती घेतली.

कोकणाने यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. जिवंत कुंपणाच्या जागी चिऱ्याची भिंत उभी राहते, तेव्हा सावंतवाडीच्या चितार आळीला लागणाऱ्या लाकडाचा एक सहज स्रोत आटतो. त्यातच पांगाऱ्याच्या पानांवर व कोवळ्या फांद्यांवर गाठी आणणारी एक सूक्ष्म गांधीलमाशी 2005 नंतर केरळात आढळली असून, तेथील मिरवेलींच्या आधारवृक्षांना तिची झळ पोहोचली आहे. म्हणून या कलेच्या संवर्धनाची योजना प्रशिक्षण आणि प्रदर्शन यांवर थांबता उपयोगी नाही. निरोगी फांद्या निवडून वाडीवाडीच्या बांधावर पांगारा लावणे हा तिचा पहिला भाग असला पाहिजे.

वाचकाच्या प्रश्नातील किडीचा मुद्दा यानंतरही उरतो, आणि त्याचे उत्तर लाकडात नसून त्यावरील लेपात आहे. रंगकामाचे विवेचन पुढील लेखांकात तेथूनच सुरू होईल.