चावीचा ग्रामोफोन कसा गातो

चावीच्या ग्रामोफोनवर गाणें ऐकतांना श्रोत्याचें लक्ष कर्ण्याकडे असतें. आवाज तेथून बाहेर पडतो खरा. परंतु कर्णा स्वतः गात नाहीं. स्प्रिंग, नियामक, तबकडी, सुई, अभ्रकाचा पडदा आणि कर्णा या सहांच्या सहकार्याचें तें फळ असतें. यांपैकीं एकाकडे हयगय झाली, तरी गायकाचा आवाज बिघडतो.

१८७७ सालीं एडिसननें फोनोग्राफ तयार केला, तेव्हां ध्वनीची खूण नळकांड्यावर उमटे. पुढें एमिल बर्लिनरनें सपाट तबकडी प्रचारांत आणली. तिच्या एका बाजूवर कडेपासून मध्याकडे जाणारी एकच अखंड खांच असते. ती जातां जातां डावीउजवीकडे सूक्ष्म वळणें घेते, आणि हीं वळणें म्हणजेच गाणें. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा असेल, तर मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका फेऱ्यांत अशीं सुमारें १८५ वळणें येतात.

तबकडी फिरते ती चावीनें गुंडाळलेल्या पोलादी स्प्रिंगच्या बळावर. स्प्रिंगचा जोर आरंभीं अधिक व शेवटीं कमी असतो. म्हणून तिला आवरण्यास नियामक लागतो. त्याच्या दांड्याभोंवतीं पातळ पट्ट्यांवर तीन लहान वजनें बसविलेलीं असतात. वेग वाढला कीं वजनें बाहेर फेंकलीं जातात, त्यांच्या ओढीनें एक चकती सरकते आणि ती घर्षणानें वेग खालीं आणते. ७८ ऐवजीं ७४ फेरे झाले, तर गायकाचा षड्ज जवळजवळ अर्ध्या स्वरानें उतरतो!

सुई खांचेंतील वळणांबरोबर डावीउजवीकडे हलते. ती ज्या लहानशा तरफेंत बसविलेली असते, तिचें दुसरें टोक अभ्रकाच्या पडद्यास जोडलेलें असतें. त्यामुळें पडदाही तसाच थरथरतो आणि पोकळ नळींतील हवेला धक्के देतो. हळूहळू रुंदावणारा कर्णा हे धक्के खोलींतील हवेपर्यंत पोंचवितो. तो नवी शक्ति निर्माण करीत नाहीं. हातून निसटणारी शक्ति कामीं लावतो.

येथें विजेचें साहाय्य नाहीं. आवाजाची सारी शक्ति सुईच्या टोंकांतूनच जाते. म्हणून खांचेवर पुष्कळ भार द्यावा लागतो. लाखेच्या तबकडींत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. ती पहिल्या कांहीं फेऱ्यांतच सुईचें टोंक घांसून खांचेच्या मापाचें करी. परंतु बाजू संपेपर्यंत त्या टोंकाला धारदार कडा येत. याकरितां पोलादी सुई एकाच बाजूस वापरावी, असा नियम असे. काटकसरीनें तीच सुई पुनः लावली, कीं त्या कडा वळणें तासूं लागत आणि प्रथम तारस्वरांतील बारकावे नाहींसे होत.

अब्दुल करीम खां १९३७ सालीं निवर्तले. त्यांचें गायन आजही ऐकूं येतें, तें अशा तबकड्यांवर कोरलेल्या वळणांमुळेंच. सुई नवी आणतां येते. पुसलेलें वळण पुनः कोणास कोरतां येत नाहीं.